जिपार बरी झाल्याची मेजवानी

एसेननं बायकोच्या रक्ताच्या रिपोर्टला प्लास्टिक चढवून आणलं, तेव्हाच जिपारला कळायला हवं होतं की आता गावजेवण चुकत नाही.

रिपोर्ट भिंतीवर लागला, थेट सासऱ्यांच्या फोटोखाली. सासरे उंच पांढरी टोपी घालून, छातीवर मेंढपाळीची पदकं लावून ताठ बसलेले, आणि त्यांच्या दाढीखाली सुनेचे हॉर्मोन. येणारा-जाणारा थांबून वाचायचा. शेजारणी आकड्यांवर बोट ठेवून विचारायच्या, कितीपैकी? एसेन सांगायचा की यात पैकी नसतं, मधोमध असावं लागतं, आणि आपली जिपार अगदी मधोमध आहे. तो शाळेत भूगोल शिकवायचा. बायको आता समशीतोष्ण कटिबंधात आली, असं त्यानं निम्म्या गावाला सांगून झालं होतं.

त्याचा आनंद खोटा नव्हता. दोन वर्षं गळ्यातल्या एवढ्याशा थायरॉइड ग्रंथीनं घराची दाणादाण उडवली होती. जिपारचे हात थरथरायचे, काळीज रात्रंदिवस पळायचं, डोळे खोबणीतून बाहेर आल्यासारखे दिसायचे, आणि राग तर असा यायचा की तिची तिलाच भीती वाटायची. तिनं किटली भिंतीवर फेकली होती. साकीन आबांना, म्हणजे सासऱ्यांच्या धाकट्या भावाला, भर पंगतीत म्हणाली होती की तुम्ही जेवायला बसता तेव्हा मेंढ्या रडतात. ते सगळं माफ झालं. 'ती नाही बोलत, ग्रंथी बोलते,' असं सगळे एकमेकांना समजावायचे. साकीन आबा तर दारातूनच विचारायचे, ग्रंथी कशी आहे आज, आत येऊ का?

एकच गोष्ट राहून गेली होती. नाझिरा तेव्हा सहा वर्षांची. लाकडी जमिनीवर उड्या मारत होती, आणि जिपार तिच्यावर अशी ओरडली की पोरगी अंगणातल्या थंड भट्टीत जाऊन लपली, संध्याकाळपर्यंत बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी एसेनची थोरली बहीण बुरुल, जिपारची एजे म्हणजे ताई, काराकोल शहरातून गाडी घेऊन आली आणि नाझिराला घेऊन गेली. भांडण झालं नाही. बुरुलची मुलं मोठी होऊन रशियात कामाला गेलेली, घर रिकामं, शाळा जवळ. 'तू बरी हो, मग ने,' एवढंच ती म्हणाली. सगळ्यांनी मान डोलावली. जिपारनंही डोलावली.

आता ती बरी झाली होती. मेजवानीला बुरुल नाझिराला घेऊन येणार आणि नाझिरा इथेच राहणार, असं ठरलं होतं. फक्त बुरुल फोनवर म्हणाली होती, आधी मी डोळ्यांनी बघते.

आणि घोळ नेमका तिथेच होता. रक्त मधोमध आलं होतं, जिपार आली नव्हती. सकाळी उठल्यावर काहीतरी वाईट होणार अशी धास्ती पोटात बसलेली असायची. पाणी उकळायला लागलं की त्या आवाजानंसुद्धा दचकायला व्हायचं. आणि रडू. ते कशावरून यायचं नाही, नुसतंच यायचं, पाहुण्यासारखं, न कळवता. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं होतं. म्हणाल्या होत्या, रक्त आधी ताळ्यावर येतं, मन मागून येतं, कधी कधी फार मागून. त्यासाठी वेगळे डॉक्टर आहेत, त्यांना भेटा, लाजू नका. पण 'रक्त आधी ताळ्यावर येतं' एवढं ऐकून एसेन आनंदानं बाहेर पळाला होता आणि बोळात उभा राहून नातेवाइकांना फोन करत सुटला होता. उरलेलं वाक्य एकट्या जिपारनं ऐकलं, आणि घरी आल्यावर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरगी काराकोललाच राहिली असती.

म्हणून ती गोठ्यात रडायची. गाईची काही हरकत नव्हती.

हे फक्त सासूला माहीत होतं. उरुमकान अपानं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मात्र हल्ली ती सकाळी गोठ्याच्या दाराशी पालथ्या बादलीवर घेवडा सोलत बसायची, आणि जो कुणी तिकडे फिरकेल त्याला काही ना काही आणायला पिटाळायची. त्या वर्षी त्या घरात घेवडा अतोनात खाल्ला गेला.

मेजवानीच्या दिवशी छपरांवर जर्दाळू वाळत पडले होते आणि अंगणात मोठी कढई चढली होती. एसेननं सगळ्या पाहुण्यांना आधीच बजावलं होतं की जिपारला आज वाईट बातमी सांगायची नाही, कुरकुर करायची नाही, तिला जपायचं. परिणाम असा झाला की माणसं दारातून आत येताना तोंडावर हसू चिकटवूनच येत होती. साकीन आबांची घोडी त्याच आठवड्यात मेली होती. जिपारनं सहज विचारलं, घोडी कुठाय, तर ते घाबरून म्हणाले, ती लेकीकडे राहायला गेलीय. कुणाच्या लेकीकडे, स्वतःच्या की आबांच्या, हे विचारायची जिपारची हिंमत झाली नाही.

मग बुरुलची गाडी आली.

नाझिरा उंच झाली होती. दोन वेण्या, पांढरे मोजे. जिपारनं तिला पोटाशी धरलं, आणि ती पोटाशी राहिली, पण अंग आखडून, जसं कुणी अनोळखी कुत्र्याजवळ उभं राहावं. आत आल्यावर ती चवड्यांवर चालत गेली. चहाचा कप खाली ठेवला तो असा की आवाज म्हणून झाला नाही. एवढ्याशा पोरीला इतका बिनआवाजी कप ठेवता येतो, हे जिपारनं प्रथमच बघितलं. तरी ती हसली. बुरुल बघत होती. बुरुल वाईट नव्हती. पण तिची नजर नर्सची होती, आणि ती खरंच नर्स होती.

"झोप लागते?" बुरुलनं विचारलं.

"छान लागते, एजे."

"चिडचिड?"

"कुणावर करू, सगळे इतके हसतायत."

बुरुलला यात चेष्टा आहे की रोगाचं लक्षण, हे ठरवता येईना. तिनं कप उचलला.

मटण शिजलं. आता हाडांची वेळ.

त्या घरात हाडं लावायचं काम जिपारचं होतं. खरं तर ते पुरुषाचं काम, पण सासऱ्यांचे हात शेवटी शेवटी कापायला लागले, तेव्हा त्यांनी मुलाला न शिकवता सुनेला शिकवलं. मुलगा नकाशे बघून हाडं वाटेल, असं ते म्हणायचे. कुणाचं वय काय, मान काय, कुणाच्या ताटात कुठलं हाड, हे जिपारला पाठ होतं. कुल्ल्याचं मोठं हाड, जाम्बाश, सगळ्यांत वडील पुरुषांना. एका मेंढ्याला ती दोनच असतात, म्हणून एक साकीन आबांना आणि एक दुआ म्हणायला आलेल्या मशिदीच्या मोल्दोंना. शेपटीकडचा भाग अपाला. मांडीची हाडं त्याखालच्यांना. आणि पुढच्या पायाचं ते बारकं हाड, ज्याला जुनी माणसं बटकीचं हाड म्हणतात, ते कुणाला द्यायचं तर लहान पोराला, नाहीतर सरळ कढईत राहू द्यायचं. मोठ्या माणसाच्या ताटात ते ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं.

जिपारनं ताटं लावली. हात कापले नाहीत. एकेक हाड बघून, पुन्हा बघून तिनं ओळीत मांडलं आणि रस्सा आणायला अंगणात गेली. ताटं आत नेणं एसेनचं काम.

ती रश्शाचं पातेलं घेऊन दारात आली तेव्हा खोलीत बोलणं थांबलं होतं.

जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाच्या वरच्या टोकाला साकीन आबा हातात हाड धरून बसले होते. त्यावर मांसाचा ढीग इतका हुशारीनं रचला होता की आबांनी दोन घास खाल्ल्यावरच खालचं प्रकरण उघडं पडलं. बटकीचं हाड. आबांनी ते उलटं करून बघितलं, उजेडात धरून बघितलं.

"एसेन," ते म्हणाले, "हे माझं हाड आहे, का मी दुसऱ्याच कुणाचं धरून बसलोय?"

एसेनचा चेहरा जर्दाळूसारखा झाला होता. आणि मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या, पातेल्याकडे, पातेल्यामागच्या जिपारकडे. ती किटली, त्या रडणाऱ्या मेंढ्या, सगळं त्या शांततेत पुन्हा येऊन बसलं. पूर्वी निदान ग्रंथी होती. आता ग्रंथी भिंतीवर, मधोमध.

"मला वाटलंच होतं," बुरुल हळू आवाजात म्हणाली. आणि त्याहून हळू, "नाझिरा, जोडे घाल."

"नाही, थांबा," एसेन म्हणाला. "मी केलं ते." आणि मग त्यानं सगळं ओकलं. तो पहिली ताटं घेऊन जात होता, तेवढ्यात कुत्रा स्वयंपाकघरात शिरला आणि आबांचं जाम्बाश घेऊन पळाला. एसेन मागच्या दारानं त्याच्यामागे जर्दाळूच्या झाडांपर्यंत धावला, पण कुत्रा वयानं लहान होता. जिपारला सांगितलं तर तिला धक्का बसेल, म्हणून त्यानं स्वयंपाकघरात उरलेल्या हाडांत हात घालून मिळेल ते काढलं आणि वर मांस रचलं. त्याला वाटलं, आबांना दिसणार नाही. आबांना चष्मा लागतो.

मग मोल्दोंच्या नाकातून आवाज आला.

"म्हणजे या घरात माझ्याहून वडील तो कुत्रा," साकीन आबा म्हणाले. आणि ते स्वतःच हसले तशी खोली फुटली. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. बुरुलसुद्धा ओठ दाबून हसत होती. मोल्दोंनी आपलं जाम्बाश उचलून आबांच्या ताटात ठेवलं आणि म्हणाले की मला नसलं तरी चालतं, माझं पोट बिघडलंय, पण आज सांगायची परवानगी नव्हती.

सगळं मिटलं होतं. आणि जिपारच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण हसूनही पाणी येतंच. मग आलं. एसेननं तिच्या हातातलं पातेलं घेतलं. अगं झालं की आता, तो म्हणाला, तुझी चूकच नव्हती, कुत्र्यानं नेलं, हस बघू. जिपारनं हसायचा प्रयत्न केला. ते रडण्याहून वाईट दिसलं. एका आत्यानं उठून भिंतीवरचा रिपोर्ट काढला, एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा जिपारच्या तोंडाकडे, आणि शेजारणीला विचारलं की हा तिचाच आहे ना.

कारण आता कारणच उरलं नव्हतं. ग्रंथी बरी होती, हाड सापडलं होतं, आबा हसत होते. रडायला एक साधा कुत्रासुद्धा शिल्लक नव्हता. जिपारला दिसलं की नाझिरा दाराशी एक जोडा घालून, एक हातात धरून उभी आहे. आता खोटं बोलण्यात काही मतलब नव्हता. गेली तर ती खोटं बोलूनही जाणारच होती.

"कुत्र्यामुळे नाही," ती म्हणाली. "हाडामुळे नाही. तुमच्यापैकी कुणामुळेही नाही. रिपोर्टात लिहिलंय ते खरं आहे, पण मी रोज रडते. गोठ्यात. नुसतंच येतं. भीती वाटते, कशाची ते माहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की असं मागे राहतं. महिनेच्या महिने राहतं, जास्तही राहील. त्याचे वेगळे डॉक्टर असतात, मला त्यांच्याकडे जायचंय. सांगितलं नाही, कारण सांगितलं की पोरगी जाणार."

"हे कधी म्हणाल्या त्या?" एसेननं विचारलं.

"तू बाहेर फोनवर होतास."

एसेन पातेलं धरून तसाच उभा राहिला. रस्सा त्याच्या मोज्यांवर सांडत होता, त्याला पत्ता नव्हता.

"मग जाणारच ना," बुरुल म्हणाली. रागानं नाही, ती समजावत होती. "असंच ठरलं होतं, जिपार. बरी झालीस की मगच ती येणार."

"एजे, तुम्ही तिला चवड्यांवर चालायला शिकवलंत."

"तुझ्यासाठीच शिकवलं."

"माहितीय. तुमचे उपकार विसरणार नाही. पण ती घरात अशी चालायला लागली तर मी कधी बरी होणार?"

बुरुलनं मग दुसरंच काढलं, म्हणाली की रक्त चांगलं असताना माणूस रडतो म्हणजे मनाला धरून ठेवायची सवय नाही. तेव्हा उरुमकान अपा, जी आत्तापर्यंत आपल्या शेपटीच्या तुकड्याशी मन लावून झुंजत होती, तिनं हात पुसले.

"साकीन," ती दिराला म्हणाली, "तू घोड्यावरून पडलास त्याला किती वर्षं झाली?"

"झाली पुष्कळ."

"हाड जुळलं?"

"झकास जुळलं. डॉक्टर म्हणाले, तरुणाचं हाड आहे."

"मग दर वर्षी गवत कापायच्या दिवसांत लंगडतोस का?"

"वहिनी, ती कळ खरी असते," आबा दुखावून म्हणाले. "ढग आले की आतून येते. दिसत नाही."

"आणि आम्ही काय करतो? रिपोर्ट काढून बघतो?"

आबा विचारात पडले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "नाही. चहा आणून देता."

"बुरुल, ऐकलंस?" अपा म्हणाली. "या घरात त्याला पुरेल एवढा चहा आहे. हिला पुरणार नाही होय? शहरातल्या डॉक्टरकडे हिला मीच घेऊन जाते. ह्या मास्तरला नको, हा अर्धंच ऐकतो."

तेवढ्यात नाझिरा एका पायात जोडा घालून जिपारसमोर येऊन उभी राहिली. चवड्यांवरच. तिनं आईच्या तोंडाकडे अगदी जवळून बघितलं, खिडकीतून आत बघावं तसं.

"मी काही केलं म्हणून रडतेस?"

"नाही गं. तू काय केलंस? साधी उडीसुद्धा मारली नाहीस."

नाझिरानं बुरुलकडे बघितलं, मग पुन्हा आईकडे. "मारू?"

उडीच्या आवाजाला जिपार भ्यायची, अजूनही, हे तिचं तिला पक्कं माहीत होतं.

"मार," ती म्हणाली.

पोरीनं एक उडी मारली, लहानशी, कंजूष. दस्तरखानावरचे कप किणकिणले. सगळी पंगत जिपारकडे बघत होती. जिपारचे हात कापले, ते सगळ्यांना दिसलं. रडू थांबलं नाही. वाढलंही नाही. जसं चाललं होतं तसं चालू राहिलं.

"बघ," जिपार नाक पुसत म्हणाली. "तुझा काही संबंध नाही. ते आपलं येतं नि जातं. आलं की मी तुला सांगेन, आता आलंय म्हणून. कधी ओरडेनसुद्धा, मग अपाकडे जायचं, आणि नंतर मी येऊन सॉरी म्हणेन."

नाझिरानं खात्री करून घ्यायला आणखी एक उडी मारली. ही मोठी होती. साकीन आबांच्या ताटातून जाम्बाश घरंगळलं आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. आता त्यांना कुणाचाच भरवसा नव्हता.

"तिची बॅग आणते गाडीतून," बुरुल म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

रस्सा वाढला गेला. एसेननं मोजे बदलले, आणि येता-जाता जिपारच्या पाठीवर हात ठेवून गेला. नाझिरा अपाच्या मांडीशी बसून बोर्सोकचे तळलेले तुकडे जर्दाळूच्या मुरंब्यात बुडवत होती. बॅग काही आली नाही.

जिपार बाहेर गेली. गाडी भिंतीच्या सावलीत उभी होती. बुरुल पुढच्या सीटवर, स्टिअरिंगसमोर, मांडीवर नाझिराची लाल बॅग घेऊन बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. जिपारनं पलीकडचं दार उघडलं आणि शेजारी बसली.

"मला काही झालेलं नाही," बुरुल म्हणाली.

"माहितीय, एजे."

"माझं रक्त उत्तम आहे."

"हो."

दोघी समोरच्या काचेतून भिंत बघत होत्या. मग बुरुल बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाली की ती झोपेत लाथा मारते. भिंतीकडे झोपवायचं, नाहीतर पडते. दूध गरम लागत नाही, कोमट. वेण्या ओल्या केसांच्या घालायच्या नाहीत. आणि रात्री ती हात शोधते, आपला हात सापडला की झोपते, त्यामुळे आपल्याला कूस बदलता येत नाही, तेवढं सोसावं लागतं.

"दोन वर्षं मी एकाच कुशीवर झोपतेय," बुरुल म्हणाली. "आता दुसऱ्या कुशीवर झोपून मी काय करू?"

जिपारनं तिचा हात धरला. तिचं स्वतःचंही पुन्हा सुरू झालंच होतं. दर शनिवारी या, असं कसंबसं म्हणाली. बुरुलनं मान हलवली आणि ती मान तिथेच, स्टिअरिंगवर टेकली.

भोंगा वाजला. लांबलचक, थांबेचना, कारण बुरुल डोकं उचलेना. कोंबड्या उडाल्या, कुत्रा कुठूनसा भुंकायला लागला आणि घराच्या दारात आख्खी पंगत गोळा झाली, कुणी मोज्यांवर, कुणी हातात हाड घेऊन. सगळ्यांत पुढे एसेन, पांढराफटक.

"काय झालं?" तो ओरडला. "जिपार, काय झालं?"

जिपारनं खिडकीची काच खाली केली.

"काही नाही रे," ती म्हणाली. "आम्ही रडतोय. तुम्ही जेवून घ्या."